हळदीत ॲम्प बंद पडला, त्यानंतरचे तीन महिने

11 फेब्रुवारी 2024, रविवार. होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात हळदीचा कार्यक्रम होता आणि चौथ्या गाण्याच्या मध्येच माझा गिटारचा ॲम्प गेला. आधी थोडी खरखर आली, मग आवाज बारीक होत गेला, जणू कुणीतरी व्हॉल्यूम हळूहळू खाली करतंय, आणि मग टप्प असा आवाज येऊन सगळं बंद. मागे वळून बघितलं तर पुढचा लाल दिवासुद्धा विझलेला. समोर नवरीची मावशी, काकू, सगळ्या नाचतायत, गायिका माझ्याकडे बघतेय आणि ढोलकवाला डोळ्यांनीच विचारतोय की काय झालं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे त्यानंतर बॅकअप ॲम्प घ्यायला मला जवळजवळ दोन महिने लागले. सोलापुरात या विषयावर विचारायला फार माणसं नाहीत, त्यामुळे बरंच स्वतःचं स्वतः शोधावं लागलं, थोडे पैसेही वाया गेले. कुणाला उपयोग झाला तर बरं.

त्या रात्री मी काय केलं ते आधी सांगतो. पेडलबोर्डची (गिटारचा आवाज बदलणारी पेडलं लावलेली फळी) केबल काढून सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरला दिली. क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज कसाबसा चालला, पण ओव्हरड्राईव्ह (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) चालू केला आणि स्पीकरमधून डब्यात माश्या कोंडल्यासारखं व्हायला लागलं. याचं कारण नंतर समजलं. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळपास गाळूनच टाकतो, आणि डिस्टॉर्शनमधला सगळा किरकिराट त्याच्याच वर असतो. कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरमध्ये ट्विटर (बारीक, उंच आवाजाचे छोटे स्पीकर) असतात, ते सगळं जसंच्या तसं बाहेर फेकतात. त्यासाठी कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार ॲम्पच्या स्पीकरसारखा आवाज गाळणारी सोय, लागतं आणि माझ्या बोर्डवर ते नव्हतं. म्हणून उरलेली अकरा गाणी मी फक्त क्लीनवर वाजवली, लीड (गिटारचे सोलो तुकडे) सगळं कीबोर्डवाल्यानं उचललं. पैसे पूर्ण मिळाले पण घरी जाताना गाडीत कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ॲम्प घेऊन नवी पेठेच्या बाजूला एक काका आहेत त्यांच्याकडे गेलो. रेडिओ, टेपरेकॉर्डर, जुने ॲम्प्लिफायर आयुष्यभर दुरुस्त केलेत त्यांनी. माझा ॲम्प व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांवर चालणारा, 15 वॅट, ईएल84 प्रकारच्या दोन नळ्या. पुण्यातून सेकंडहँड घेतलेला (कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ॲम्प जुना होता आणि नळ्या कधी बदलल्यात हे मीच विचारलं नव्हतं). काकांनी मागची फळी काढली, चष्मा वर केला आणि मी वाकून बघायला गेलो तर माझा हात धरून बाजूला केला.

"आत हात घालायचा नाही बाळा. पिन काढली तरी कंडेन्सरमध्ये करंट बसून असतोय. तीनशे-साडेतीनशे व्होल्ट. फेकून देतंय माणसाला."

मग त्यांनी मोठ्या रेझिस्टरला दोन्हीकडे चिमटे लावून तो करंट काढला, मीटर लावून शून्य दाखवला, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर आत घातला. एक नळी आतून शॉर्ट झाली होती, तिच्याबरोबर एक रेझिस्टर काळा पडला होता आणि फ्यूज उडाला होता. नळ्या जोडीनंच बदलायच्या, आणि त्या सोलापुरात मिळत नाहीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मागवाव्या लागतील असं ते म्हणाले. अजून एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं: व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरची वायर न जोडता कधीच चालू करायचा नाही, त्यानं आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो जळला तर खर्च नळ्यांच्या कितीतरी पट. मी घरी ॲम्प साफ करताना दोनतीनदा वायर काढून बघितलेली होती, नशीब तेव्हा स्विच बंद होता.

19 दिवस लागले. 2 मार्चला ॲम्प मिळाला. नळ्यांची जोडी, रेझिस्टर, कुरिअर आणि मजुरी धरून 4,800 रुपये.

या 19 दिवसांत दोन कार्यक्रम होते, दोन्हीला मित्राचा 10 वॅटचा प्रॅक्टिस ॲम्प नेला. पहिल्याच कार्यक्रमात ड्रमर गाण्याच्या मध्येच ओरडला, "तुझा आवाज येईना बे!" मी व्हॉल्यूम पूर्ण केला तर आवाज मोठा व्हायच्या ऐवजी फाटायला लागला. तेव्हा पहिल्यांदा वॅटचं गणित नीट समजून घ्यायला बसलो.

जे समजलं ते असं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच फरक. कानाला आवाज दुप्पट वाटायला जवळपास दहापट वॅट लागतात. म्हणजे 20 आणि 40 वॅटमधला फरक आपण समजतो तेवढा नाही, स्पीकर कोणता आहे यानं जास्त फरक पडतो. 97 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती आवाज देतो त्याचा आकडा) जागी 100 चा स्पीकर असेल तर वॅट दुप्पट केल्यासारखंच. आणि व्हॉल्व्हचे 15 वॅट ड्रमबरोबर चालून जातात कारण ते फाटले तरी कानाला गोड लागतात, ट्रान्झिस्टरचे (नळ्या नसलेल्या ॲम्पचे) 15 वॅट फाटले की कडू लागतात. म्हणून ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला वॅट जास्त लागतात, म्हणजे तो न फाटता ड्रमच्या वर येऊ शकेल. मी ठरवलं की 12 इंची स्पीकर आणि 30 वॅटच्या वर, त्याच्या खाली बघायचंच नाही. बजेट 18,000. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, आहे तो दुरुस्त होतोय ना मग अजून एक कशाला? त्या प्रश्नाला माझ्याकडे त्या हळदीशिवाय दुसरं उत्तर नव्हतं, आणि ती त्या हळदीला नव्हती.

अजून एक गोष्ट तेव्हाच पक्की केली की दुसरा ॲम्प व्हॉल्व्हचा नको. मनातून व्हॉल्व्हचाच हवा होता, खरं सांगतो. पण पहिला ज्या कारणानं गेला त्याच कारणानं दुसराही जाऊ शकत असेल तर तो घेऊन फिरायचा कशाला. नळी धक्क्यानं, उष्णतेनं, व्होल्टेजनं जाते, आणि आपल्याकडे हे तिन्ही भरपूर.

24 फेब्रुवारीला (ॲम्प अजून काकांकडेच होता) सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. तिकीट, रिक्षा, जेवण धरून साधारण 900 रुपये गेले. ऑनलाईन व्हिडिओ बघून ॲम्प निवडता येत नाही हे मला तिथं कळलं. स्वतःची गिटार आणि स्वतःचा पेडलबोर्ड घेऊन जा, जड होतं पण न्याच. दुकानातली गिटार हातात घेतली की आपण गिटारचाच आवाज ऐकत बसतो. दुसरं, दुकानात सगळे ॲम्प छान वाजतात कारण व्हॉल्यूम तीनवर असतो. विनंती करून सात-आठवर नेऊ द्या का विचारा. एका दुकानदारानं नाही म्हटलं, दुसरा म्हणाला, दुपारी दोननंतर या, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. दोनला गेलो आणि त्यानं शटर अर्धं खाली ओढून मला अर्धा तास दिला. तिसरं म्हणजे ॲम्प जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर उभं राहून ऐकू नका, तो आवाज पायाला लागतो. स्टुलावर कानाच्या उंचीला ठेवा, मग खरं काय ते कळतं.

तिथं तीन वाजवले. ऑरेंज क्रश 35आरटी, 10 इंची स्पीकर, त्याचा स्वतःचा घाण, म्हणजे फाटलेला, आवाज मला खूप आवडला आणि इफेक्ट लूपही (पेडलं ॲम्पच्या मागून जोडायची सोय) आहे, पण मला पेडल चालवायला क्लीन पाहिजे होता. फेंडर चॅम्पियन 40, 12 इंची, क्लीन मस्त, पण मिक्सरला देता येईल असं वेगळं आउटपुट नाही. आणि बॉस कटाना 50 एमके2, 12 इंची. त्याच्यावर अर्धा वॅट, 25 वॅट, 50 वॅट असं बटण आहे, म्हणजे घरी रात्री अर्ध्यावर आणि स्टेजवर 50 वर. माझे पेडल त्याच्या क्लीनवर माझ्या व्हॉल्व्हइतके गोड नाही लागले, पण चुकीचेही लागले नाहीत. नवा माझ्या बजेटच्या बराच वर होता. परत येताना दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत मी फक्त हिशोब करत बसलो होतो.

आणि मग मी घाई केली. 28 फेब्रुवारीला ऑनलाईन एक 30 वॅटचा, 10 इंची, 13,900 चा ॲम्प मागवला. स्वतःच ठरवलेला 12 इंचाचा नियम चार दिवसांत मोडला, कारण 3 मार्चला एक कार्यक्रम होता आणि डोक्यात तेवढंच होतं. तो काही वेळेत आला नाही. आला 5 मार्चला, खोक्याचा एक कोपरा आत गेलेला. खोकं फोडताना व्हिडिओ काढला होता हे एकच शहाणपण. चालू केला, वाजला. मग सगळ्यात जाड तारेवर पाचव्या फ्रेटचा (गिटारच्या गळ्यावरच्या पाचव्या पट्टीचा) ए सूर वाजवला आणि आतून झर्र असा आवाज. फक्त त्याच एका सुरावर आणि त्याच्या आजूबाजूला. स्क्रू आवळून बघितले, फळीवर हात दाबून बघितला, जात नव्हता.

परत करायची प्रक्रिया सांगतो कारण ती माहीत असलेली बरी. ॲपवर कारण निवडताना आवडलं नाही असं निवडू नका, खराब माल आला हेच निवडा, पहिल्या कारणात पिकअपचा खर्च कापतात असं मला त्या ॲपच्याच माणसानं फोनवर सांगितलं. त्यांनी व्हिडिओ मागितला, दिला. मग म्हणाले, झर्र आवाज ऐकू येत नाही, परत पाठवा. फोन ॲम्पच्या अगदी जवळ धरून, ए आणि त्याच्या शेजारचे सूर सावकाश वाजवून परत पाठवला. पिकअप दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा कुणी आलंच नाही, तरी मेसेज आला की ग्राहक घरी नव्हता. तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, 1915, वर फोन करून तक्रार नोंदवली, त्याचा नंबर मिळतो, तो नंबर त्यांना मेलमध्ये लिहिला. तिसऱ्या वेळी माणूस आला. त्यानं मूळ खोकं, थर्माकोल, प्लॅस्टिकची पिशवी, गॅरंटी कार्ड सगळं मोजून घेतलं, एखादी गोष्ट नसती तर नेलं नसतं असं म्हणाला. माझ्या पुतण्यानं थर्माकोलचा एक तुकडा किल्ला करायला नेला होता तो त्याच्याकडून परत आणावा लागला. पैसे 21 मार्चला खात्यात आले, पूर्ण. 16 दिवस.

या मधल्या काळात एक जपानमधून आलेला जुना ॲम्प फार स्वस्तात मिळत होता, 9,000 ला, आणि फोटोत फार सुंदर दिसत होता. मागच्या प्लेटचा फोटो मागवला तर 100 व्होल्ट लिहिलेलं. म्हणजे आपल्या 230 वर लावायचा तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर वेगळा, तो जड, तो विसरला तर ॲम्प निरुपयोगी, आणि घाईत कुणी चुकून सरळ बोर्डात पिन घातली तर संपलंच. सोडून दिला. जुना घेताना आवाजाच्या व्हिडिओच्या आधी मागच्या प्लेटचा फोटो मागवा.

मार्चच्या शेवटी आमच्या कीबोर्डवाल्यानं सांगितलं की जुळे सोलापुरात एक मुलगा आहे, नोकरीसाठी बंगळूरला चाललाय, त्याचा कटाना 50 एमके2 विकायचाय. एवढं पुण्याला जाऊन, ऑनलाईन करून, शेवटी ॲम्प माझ्या घरापासून चार किलोमीटरवर होता. 7 एप्रिल, रविवारी गेलो. 19,000 म्हणत होता.

मी घाई न करता वाजवला यावेळी. अर्धा तास चालू ठेवला, कारण कच्चं सोल्डर गरम झाल्यावरच त्रास देतं. प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, दोन ठिकाणी किंचित खरखर होती, ती कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. गिटारचा जॅक आत घालून हलवून बघितला. जाळीतून टॉर्च मारून स्पीकरचा कागद फाटलेला नाही ना बघितलं. आणि तो ए, पाचव्या फ्रेटचा, तो तर दहावेळा वाजवला. मुलगा म्हणाला, "दादा, एकच सूर का वाजवताय?" सांगितलं त्याला सगळं, मग तो हसून स्वतःच 17,000 म्हणाला. मूळ बिल होतं त्याच्याकडे. एका कोऱ्या कागदावर सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, पैसे यूपीआयनं, आणि त्या कागदाचा फोटो दोघांकडे. ओळखीतला व्यवहार असला तरी हे करा, त्याला पण बरं पडतं.

घरी आणला आणि इथं मी एक गोष्ट केली जी आता सगळ्यांना सांगतो. बॅकअप म्हणून तो कोपऱ्यात ठेवला नाही. पूर्ण एप्रिल रिहर्सलला फक्त तोच वापरला आणि व्हॉल्व्हचा घरी ठेवला. आमची रिहर्सल अशोक चौकाच्या पलीकडे ड्रमरच्या मामांच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये होते. शेजारची शेड चालू आहे, भिंतीपलीकडे दिवसभर खटाखट खटाखट, आमचा मेट्रोनोम काय कामाचा. त्या आवाजात आणि ड्रमच्या आवाजात 50 वॅटवर मास्टर व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवला तरी मी ऐकू येत होतो. शेजारच्या शेडमधले एक म्हातारे कामगार पाणी प्यायला येतात, तेलुगू मिसळून मराठी बोलतात, ते दारात उभं राहून म्हणाले, "आता वाजतंय बघ नीट. त्या दिवशीचं नुसतं चिवचिव होतं." 10 वॅटच्या ॲम्पची ती परीक्षा एवढी अचूक कुणी केली नव्हती.

महिनाभर वापरल्यामुळेच त्याच्या खोडी कळल्या. रेकॉर्डिंग आउटमध्ये (मिक्सरला आवाज द्यायच्या छिद्रात) जॅक घातला की ॲम्पचा स्वतःचा स्पीकर बंद होतो. हे मला रिहर्सलमध्ये कळलं हे किती बरं झालं. स्टेजवर साऊंडवाल्याला तिथून लाईन दिली असती आणि माझ्या मागचा आवाज गायब झाला असता तर मला पुन्हा फेब्रुवारीच आठवला असता. आता ठरवलंय, समोर माईक लावायचा, आणि माईक नसेल तर त्या आउटमधून लाईन द्यायची आणि साऊंडवाल्याकडून मॉनिटरमध्ये (स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गिटार आधीच मागून घ्यायची. त्या आउटला कॅबिनेटचा आवाज असतो, त्यामुळे माश्या होत नाहीत. दुसरी खोड म्हणजे पॅनल मोडमध्ये नॉब जसे असतील तसाच आवाज, आणि गाडीत नॉब फिरतात. म्हणून माझा क्लीन आवाज चॅनल एकमध्ये सेव्ह करून टाकला, चालू केला, ते बटण दाबलं, झालं. अंधारात पण होतं.

शेडमध्ये कापसाची बारीक धूळ उडते, ती जाळीत बसते. म्हणून मामांनी त्यांच्याच घरची एक जुनी चादर दिली, निळी-पांढरी, ती घडी करून ॲम्पभोवती गुंडाळतो. गाडीत पण तीच, धक्क्याला बरी. आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ॲम्प ठेवून जेवायला जाऊ नका, 42 डिग्रीत गाडीच्या आत काय होतं ते हात लावून बघा.

त्याच चादरीत आता एक छोटी पिशवी असते. दोन फ्यूज (व्हॉल्व्हच्या ॲम्पचे, मागच्या प्लेटवर लिहिलेत त्याच ॲम्पियरचे, जास्तीचे नाहीत), एक गिटार केबल, एक पॉवर केबल, टेस्टर आणि 450 रुपयांचा मल्टिमीटर. मल्टिमीटरबद्दल ड्रमर चिडवायचा. त्याचं उत्तर 12 मेला मिळालं.

विजापूर रोडच्या बाजूला एका शेतात लग्नाचं रिसेप्शन होतं, लाईट सगळी जनरेटरवर. आम्ही सहाला पोचलो. बोर्डात मीटर घातला तर 262. जनरेटरवाल्या दादांना बोलावून दाखवला, त्यांनी काहीतरी फिरवून 235 वर आणला. तोपर्यंत आम्ही एकही पिन घातली नव्हती. पण मंडपाच्या झुंबरांची माळ चालू-बंद होताना तो 225 आणि 248 च्या मध्ये हलत होता. मग अर्थिंग बघितलं, आणि माझा ॲम्प आणि साऊंडवाल्याचा मिक्सर एकाच बोर्डावर घेतले, वेगवेगळ्या बोर्डावर असले की गिटारच्या तारेवर हात आणि माईकला ओठ लागताच झटका बसू शकतो. आमच्या गायिकेला एकदा बसलाय, ती तेव्हापासून माईकवर स्पंजची टोपी घालते.

व्हॉल्व्हचा ॲम्प गाडीतून काढलाच नाही. काकांनी 19 दिवस खपून केलेलं काम त्या हलत्या व्होल्टेजवर लावायची माझी हिंमत झाली नाही. चादर सोडली, कटाना खुर्चीवर ठेवला, चॅनल एक दाबलं. साडेआठला सुरू झालं, अकराला संपलं, बावीस गाणी. लीडच्या वेळी ड्रमर माझ्याकडे बघून मान हलवत होता, म्हणजे त्याला ऐकू येत होतं.

घरी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. आई जागी होती, तिनं विचारलं, "आज झालं का नीट?" हो म्हटलं. मग तिनं दोन्ही ॲम्प आत आणायला दार पूर्ण उघडून धरलं.